रेघ चिकटली होती की नुसती टेकली होती? आठ महिन्यांच्या वापरानंतर

कस्टमरच्या ऑडिटरने शॉपफ्लोअरवर लावलेल्या ए-थ्री कागदावरच्या प्रोसेस फ्लोचार्टवर बोट ठेवलं, बाणाबरोबर ते हळूहळू खाली नेलं आणि विचारलं, "तुमच्याकडे रिजेक्ट माल पॅकिंगला जातो?"

मी म्हटलं, "नाही सर, रीवर्कला जातो."

"मग हे काय?"

बघतो तर खरंच. फायनल इन्स्पेक्शनच्या शंकरपाळ्यातून (फ्लोचार्टमध्ये 'ओके की नॉट ओके' ठरवायच्या जागी असा आकार काढतात) 'नॉट ओके' लिहिलेली रेघ निघाली होती आणि सरळ पॅकिंगच्या बॉक्सच्या डोक्यावर उतरली होती. बाण अगदी ठसठशीत, वर लाल रंग मीच दिलेला.

आदल्या रात्री साडेनऊला हा प्रताप झाला होता. मध्ये 'गेजिंग' नावाचा एक टप्पा वाढला होता. त्याला जागा करायला रीवर्कचा बॉक्स उजवीकडे ढकलला आणि पॅकिंग वर घेतलं. पॅकिंग नेमकं रीवर्कच्या जुन्या जागी येऊन बसलं. रेघेने रीवर्कबरोबर जायला हवं होतं. ती गेली नाही. जिथल्या तिथे राहिली, आणि तिच्याखाली जो बॉक्स आला त्याची झाली. प्रिंट काढताना मी बॉक्सच्या आतला मजकूर तपासला, बाण कोण तपासतं!

मायनर एनसी पडली, म्हणजे ऑडिटमध्ये किरकोळ त्रुटीची नोंद झाली. ती बंद करताना मूळ कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, "आकृतीतील रेघ बॉक्सला चिकटलेली नव्हती." आमचे साहेब म्हणाले, "हे कस्टमरला पाठवायचं? लोक हसतील." शेवटी 'दस्तऐवज पडताळणीत त्रुटी' असं काहीतरी गुळगुळीत लिहून पाठवलं. पण मूळ कारण तेच होतं, आणि हा सगळा रिव्ह्यू त्या एकाच गोष्टीबद्दल आहे. टेम्पलेट किती, आयकॉन किती, चार जणांनी एकत्र काम करता येतं का, हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मी फक्त रेघेच्या टोकाबद्दल बोलणार आहे.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही आकृती काढली त्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून उघडी आहे आणि मला पैसे परत हवे आहेत. ब्राउझरमध्ये चालतं, वर्षाची वर्गणी ७,८०० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ९,२०४. आमच्यासारख्या प्रेसपार्ट बनवणाऱ्या छोट्या युनिटला हा आकडा मंजूर करून घ्यायला मी दोन वेळा साहेबांच्या केबिनमध्ये गेलो होतो. तेव्हा हे ९,२०४ रुपये म्हणजे माझी इज्जत आहे असं समजा.

पहिले चार महिने मी खूश होतो, हे कबूल करतो. काम भराभर होत होतं, कागद देखणा निघत होता. ब्लँकिंग, फॉर्मिंग, पिअर्सिंग, स्पॉट वेल्डिंग, कोटिंग, इन्स्पेक्शन अशी सरळ खाली उतरणारी साखळी असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर चांगलंच वाटतं. खरी परीक्षा दुरुस्तीच्या वेळी होते, आणि आमच्याकडे दर महिन्याला कुठला तरी बदल येतोच.

एनसी पडल्यावर सपोर्टला लिहिलं. पहिलं उत्तर: ब्राउझरचा कॅशे साफ करा. केला. दुसरं उत्तर: स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवा. पाठवलं. तिसरं उत्तर ऐका: बॉक्स आणि रेघ यांचा ग्रुप करा, म्हणजे दोन्ही एकत्र हलतील. अहो, रेघेला दोन टोकं असतात. एका बॉक्सबरोबर ग्रुप केला तर दुसऱ्या टोकाचं काय? असं करत गेलं तर अख्ख्या आकृतीचा एकच ग्रुप होईल आणि मग काहीच हलवायला नको. चौथ्या उत्तरात 'सूचना म्हणून नोंद घेतली आहे' आलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

रेघ बॉक्सला धरून राहावी ही सूचना आहे? ही तर पहिल्या दिवसापासूनची गोष्ट आहे. १९६३ मध्ये इव्हान सदरलँडने एमआयटीत पीएचडीसाठी स्केचपॅड हा स्क्रीनवर आकृत्या काढायचा प्रोग्रॅम लिहिला. टीएक्स-२ नावाचा खोलीभर संगणक, हातात लाइट पेन. त्यात दोन रेघा एका ठिकाणी मिळाल्या तर त्या ठिकाणी दोन टोकं एकमेकांवर ठेवलेली नसायची. बिंदू एकच, आणि तो दोघींच्या सामाईक मालकीचा. बिंदू हलवा, दोन्ही रेघा मागून येतात. साठ वर्षं उलटून गेली त्याला. १९९२ मध्ये व्हिजिओ हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर आलं, त्यात या जोडणीला सरळ 'ग्लू' हाच शब्द ठेवला. डिंक. नाव ऐकलं तरी कळतं काय अपेक्षा आहे.

इथपर्यंतचा मजकूर मी त्या रागातच लिहून ठेवला होता. आता पुढचं जरा अवघड आहे.

भाची हिंजवडीत नोकरी करते. रविवारी जेवायला आली होती, तिला लॅपटॉप दाखवला. तिने ती आकृती मजकुराच्या रूपात बाहेर काढली आणि आतली अक्षरं वाचायला लागली. म्हणाली, "मामा, प्रत्येक रेघेला 'कुठून' आणि 'कुठे' असे दोन रकाने आहेत बघ. रेघ चिकटलेली असेल तर तिथे बॉक्सचा नंबर असतो. नसेल तर रकाना रिकामा, आणि नुसते आडवे-उभे आकडे." आम्ही दोघांनी मोजलं. एकूण ४१ रेघा. त्यातल्या १७ रेघांचं एक तरी टोक रिकामं होतं. स्क्रीनवर मात्र ४१ च्या ४१ रेघा बॉक्सला भिडलेल्या दिसत होत्या. डोळ्याला काडीचाही फरक नाही.

"तू स्नॅपिंग बंद केलंयस का?" तिने विचारलं.

केलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात. बॉक्स सरकवताना तो जाळीच्या चौकटीवर टुणकन उडी मारायचा, मला हवा तिथे बसायचा नाही, म्हणून वैतागून ते बटण बंद केलं होतं. आणि या सॉफ्टवेअरमध्ये जाळीवर बसणं आणि रेघ चिकटणं या दोन्ही गोष्टी त्याच एका बटणावर आहेत. म्हणजे मी पंखा बंद केला आणि त्याबरोबर फ्रीजही बंद झाला, आणि दूध नासलं म्हणून फ्रीजवाल्याशी भांडत बसलो.

तर चूक कोणाची? निम्मी माझी, असं मी तेव्हा म्हणालो. आठ दिवस विचार केल्यावर आता चार आणे माझी म्हणतो. कारण बॉक्स नेमका कुठे बसावा ही दिसण्याची बाब आहे, आणि रेघ कोणाला बांधलेली आहे ही अर्थाची बाब आहे. दोन्हींना एक बटण देणाऱ्याने कधी दुसऱ्याची आकृती दुरुस्त केलेली नसावी. व्हिजिओमध्ये 'स्नॅप आणि ग्लू' अशी एकच खिडकी आहे, पण त्यात स्नॅपला वेगळी टिकमार्क आणि ग्लूला वेगळी. जुन्या नोकरीत ते वापरलं होतं, तेव्हा याचं महत्त्व कळलं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, टोक चिकटलं नसेल तर ते मला दिसायला हवं होतं. लाल ठिपका द्या, पोकळ गोल द्या, काहीही द्या. १७ सुट्या टोकांवर एक जरी लाल ठिपका असता तर एनसी पडली नसती. एका सुट्या रेघेमागे मी ५४१ रुपये भरले, त्यात एक ठिपका बसवता आला असता.

मग भाचीने ड्रॉ डॉट आयओ नावाचं दुसरं आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर डाउनलोड करून दिलं. फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं. साहेबांना 'फुकट' हा शब्द सांगितल्यावर बाकी काही विचारावं लागलं नाही. याला आता चौथा महिना चालू आहे.

पहिल्या दिवशी मला यातली एकच गोष्ट आवडली, आणि ती पुरेशी होती. रेघेचं टोक ओढत बॉक्सपाशी नेलं की दोनपैकी एक घडतं. बॉक्सची सगळी किनार निळी होते, किंवा किनारीवरच्या बारीक फुल्यांपैकी एक हिरवी होते. निळी झाली आणि सोडलं तर रेघ त्या बॉक्सला चिकटते, पण बॉक्सच्या कुठल्या बाजूला हे ठरलेलं नसतं. बॉक्स हलवाल तशी ती आपली बाजू बदलते. हिरवी झाली आणि सोडलं तर त्याच बिंदूला चिकटते, मग बॉक्स कुठेही न्या. दोन्ही प्रकारांत चिकटतेच. काय झालंय ते माउस सोडायच्या आधी दिसतं, एवढंच मला हवं होतं.

सुरुवातीला मी सगळीकडे निळंच ठेवलं. आपोआप बाजू बदलते, म्हणजे आपलं काम वाचलं, असा हिशोब. महिनाभराने त्याचा पश्चात्ताप झाला. आमच्या कागदांवर वर्षानुवर्षं एक पद्धत आहे: शंकरपाळ्याच्या खालच्या टोकातून 'ओके' निघतं, उजव्या टोकातून 'नॉट ओके'. लाइनवरचा माणूस अक्षरं वाचत नाही, तो बाजू बघतो. निळ्या जोडणीत मी रीवर्कचा बॉक्स डावीकडे नेला तर 'नॉट ओके' निमूट डाव्या टोकातून निघायला लागलं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने बरोबर, जवळचा रस्ता. आमच्या दृष्टीने उलटं. म्हणून आता माझा नियम असा: सरळ साखळीला निळं, शंकरपाळ्याला कायम हिरवं. हिरव्याचाही त्रास आहेच. बॉक्स उलट्या बाजूला गेला की रेघ उजवीकडून निघून अख्ख्या शंकरपाळ्याला वळसा घालून डावीकडे जाते. पण तो वळसा डोळ्यात खुपतो, आणि डोळ्यात खुपतं ते आपण दुरुस्त करतो. गुपचूप बदललेली बाजू खुपत नाही, म्हणून ती ऑडिटरला सापडते.

शंकरपाळ्यावरून आठवलं. त्या पैसेवाल्या सॉफ्टवेअरमध्ये तिरकी रेघ शंकरपाळ्यापर्यंत पोचायचीच नाही, अलीकडे थांबायची. बरेच दिवस मला वाटायचं माझा हात हलतो. कारण भाचीने सांगितलं. रेघ एका बॉक्सच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्याकडे काढतात आणि किनारीवर तोडतात. ही किनार कोणती धरायची हा प्रश्न. आकाराची खरी किनार धरली तर बाण शंकरपाळ्याच्या उतारावर नीट टेकतो. आकाराभोवतीचा अदृश्य चौकोन धरला तर बाण त्या चौकोनावर अडतो आणि मध्ये मोकळी जागा राहते. आयताला दोन्ही सारखंच, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. गोल आणि शंकरपाळं आलं की पितळ उघडं पडतं. नवीन सॉफ्टवेअर घेण्याआधी एक शंकरपाळं काढा आणि त्याला तिरकी रेघ जोडा, अर्ध्या मिनिटात अंदाज येईल.

आमच्या साहेबांचं अजूनही पॉवरपॉइंटवर प्रेम आहे. तिथेही कनेक्टर, म्हणजे जोडणारी रेघ, चिकटतो, नाही असं नाही. पण फक्त ठरलेल्या ठिपक्यांना. आयताला चार, गोलाला आठ. आयताच्या एकाच बाजूला तीन रेघा वेगवेगळ्या आणायच्या तर तिन्ही एका ठिपक्यावर येऊन गर्दी करतात, एसटी स्टँडवरच्या दारासारखी. लिबरऑफिस ड्रॉमध्येही मुळात चार बिंदू, पण तिथे आपले वेगळे वाढवता येतात. हे मी घरी फुकटात करून बघितलं, ऑफिसच्या वेळेत नव्हे.

काटकोनी रेघांबद्दल मात्र मी मत बदललं, तेही दोनदा. आधी वाटायचं रेघ कमीत कमी वळणांची हवी. एका आकृतीतली नऊ वळणं कमी करायला मी तीन संध्याकाळी घालवल्या. मग भाचीने एका अभ्यासाबद्दल सांगितलं: १९९७ मध्ये हेलन पर्चेस या संशोधिकेने लोकांना वेगवेगळ्या आकृत्या देऊन कोणती लवकर समजते ते तपासलं. समजण्यावर सर्वांत जास्त परिणाम रेघा एकमेकींना किती ठिकाणी छेदतात याचा झाला, वळणांचा त्यामानाने कमी. त्या आकृत्या नुसत्या ठिपक्यांच्या आणि रेघांच्या होत्या, आमच्यासारख्या लाल-हिरव्या नव्हत्या, तरी मला पटलं. आमच्या लाइनवर दोन जणांना जुना आणि नवा कागद दाखवला. वळणं कमी केलेल्या कागदावर दोन्ही जण रेघा छेदतात त्या एकाच जागी अडखळले. आता दोन वळणं जास्त घेतो पण रेघ रेघेवरून नेत नाही. अगदीच इलाज नसेल तिथे एका रेघेला छोटी कमान करून दुसरीवरून उडी मारायला लावतो, ती सोय यात आहे. जुने वायरमन कागदावर तशीच उडी काढायचे.

दुसरा मतबदल: मला वाटायचं काटकोनी रेघ स्वतःहून मधले बॉक्स टाळत जाईल. तसं नसतं. ड्रॉ डॉट आयओची साधी काटकोनी रेघ दोन टोकांचे बॉक्स बघते आणि वाट ठरवते, मधल्या बॉक्सशी तिला देणंघेणं नाही. मध्ये काही आलं तर आपणच रेघ धरून बाजूला ओढायची. अडथळे टाळणारी वाट काढणं हे वेगळंच गणित आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या लोकांनी त्यासाठी लिबअव्हॉइड नावाची लायब्ररी (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बसवता येणारा तयार कोड) लिहिली, ती इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरच्या कनेक्टरमध्ये वापरलेली आहे. बॉक्स सरकवला की रेघ वाटेतल्या वस्तूंना वळसा घालते. मी इंकस्केपमध्ये अर्धा तास खेळून बघितलं, मजा आली. पण आमच्या कामाला नको. एक बॉक्स हलवला की पाच रेघांनी वाटा बदलायच्या आणि मी परत सगळा कागद तपासायचा? आधी मी स्वयंचलित वाटेच्या बाजूने होतो. आता म्हणतो, रेघेने टोक सोडू नये, बाकी वाट माझी मी काढतो.

अजून एक बारीक गोष्ट सांगतो, आमच्या इथे कोणाला फरक पडत नाही पण मला पडतो. काटकोनी रेघ बॉक्समध्ये शिरण्याआधी थोडं अंतर सरळ यायला हवी. हे अंतर बाणाच्या टोकापेक्षा कमी झालं तर बाणाच्या मानेवरच वळण येतं आणि बाण मोडल्यासारखा दिसतो. दोन बॉक्स फार जवळ ठेवले की असं होतं. सॉफ्टवेअरचा दोष नाही, जागेचा कंजूषपणा माझाच. ए-थ्री कागदात ए-टूचा मजकूर कोंबायची सवय.

आता तक्रार, म्हणजे तक्रार नव्हे, अडचण. आमच्या कोटिंगच्या कन्व्हेयरसाठी मी एक लांबलचक आडवी पट्टी काढली आणि तिच्यातून खाली सहा रेघा काढल्या, सहा स्टेशनना. सगळ्या हिरव्या, घट्ट चिकटवलेल्या. मग सातवं स्टेशन आलं, म्हणून पट्टी उजवीकडे लांब केली. तर आधीच्या सहाही रेघा आपापल्या जागेवरून थोड्या थोड्या उजवीकडे सरकल्या! स्टेशन जिथल्या तिथे, रेघा वाकड्या. एक्स्ट्राज मेनूतलं एडिट डायग्राम उघडून बघितलं, भाचीने शिकवलंय ना आता. तिथे चिकटलेला बिंदू मिलिमीटरमध्ये लिहिलेला नसतो, प्रमाणात असतो. एक्झिट-एक्स ०.५ म्हणजे पट्टीच्या बरोबर मध्ये, ०.२५ म्हणजे पाव अंतरावर. पट्टी लांबली की पाव म्हणजेही लांब. साध्या बॉक्सला हे अगदी योग्य आहे, बॉक्स मोठा केला तरी मधली रेघ मध्येच राहते. पण कन्व्हेयर, बसबार, पाण्याची मुख्य पाइपलाइन अशा पट्ट्यांना डाव्या टोकापासूनचं अंतर कायम राहायला हवं असतं. मी सध्या पट्टीचे सात तुकडे करून एकाला एक चिकटवून ठेवले आहेत. प्रत्येक तुकड्याला मध्यावर एक रेघ. नवीन स्टेशन आलं की नवीन तुकडा. दिसायला अखंड दिसतं, फक्त साहेबांनी झूम करू नये.

आता प्रिंट देण्याआधी माझं एक काम ठरलेलं आहे. प्रत्येक बॉक्स धरायचा, जरा हलवायचा, रेघा मागून येतात का बघायचं आणि कंट्रोल-झेड. हलणारा दात तपासतात तसं. चाळीस रेघांच्या कागदाला चार मिनिटं लागतात. ट्रेनी मुलगा पहिल्यांदा हसला, आता तोच मला विचारतो, "सर, हलवून झालं का?"

पैसेवाल्या सॉफ्टवेअरची वर्गणी पुढच्या महिन्यात संपते, तोवर जुन्या फाइली बाहेर काढायचं काम चालू आहे. त्या १७ रेघा मी हाताने परत जोडल्या. सपोर्टवाल्यांनी उरलेल्या महिन्यांचे पैसे द्यायला नकार दिला, पुढच्या वर्षी २० टक्के सूट देतो म्हणाले.

कोणाला असं सॉफ्टवेअर माहीत असेल ज्यात पट्टीवरचा बिंदू डाव्या टोकापासून मिलिमीटरमध्ये बांधून ठेवता येतो, तर कृपया खाली सांगा. एकदाच पैसे भरून मिळणारं असेल तरच. वर्गणीवालं नको.